हायाकावा शोबोचा इतिहास त्याच्या पुस्तकांतून कसा वाचावा

टोकियोतील हायाकावा शोबो ही रहस्यकथा आणि विज्ञानकथांसाठी ओळखली जाणारी प्रकाशनसंस्था १९४५ साली कियोशी हायाकावा यांनी स्थापन केली. तिच्या वाटचालीचा अभ्यास करताना सुरुवात पुस्तकाच्या शेवटच्या पानापासून करावी, कारण जपानी पुस्तकांत प्रकाशक, मुद्रक, पहिल्या छपाईची तारीख आणि पुनर्मुद्रणाचा क्रमांक बहुधा तिथेच दिलेला असतो. जुन्या प्रतींवर वर्ष शोवा कालगणनेत, म्हणजे त्या नावाच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजलेले, असल्यास त्यात १९२५ मिळवावेत. म्हणजे शोवा ३५ हे १९६० होते.

यानंतर पुस्तके मालिकांनुसार लावावीत. खिशात मावणाऱ्या रहस्यकथांची मालिका १९५३ मध्ये सुरू झाली. तिचे क्रमांक १०१ पासून सुरू होतात, त्यामुळे आधीची शंभर पुस्तके शोधण्यात वेळ दवडू नये.

मासिकांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. मासामी फुकुशिमा यांच्या संपादनाखालील ‘एसएफ मॅगझिन’ या हायाकावाच्या विज्ञानकथा मासिकाच्या पहिल्या अंकावर फेब्रुवारी १९६० असे छापलेले असले, तरी तो डिसेंबर १९५९ मध्येच विक्रीस आला होता, आणि अंकावरचा महिना पुढचा टाकण्याची ही प्रथा लक्षात न घेतल्यास घटनांचा क्रमच उलटापालटा होतो. शंकास्पद तारखा जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या सूचीत ताडून पाहाव्यात. शेवटी, अनुवादित रहस्यकथा व विज्ञानकथांतील हायाकावाची प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्था तोक्यो सोगेन्शा हिच्या याद्याही शेजारी ठेवाव्यात. हायाकावाचे अनेक निर्णय या स्पर्धेच्या संदर्भातच नीट उलगडतात, असे माझे मत आहे.