कुंपणातली करवंद ओळखताना

एप्रिल-मे महिन्यात गावी गेलात आणि बांधावरच्या काटेरी गर्दीत फळं दिसली, तर आधी पान तोडा. करवंदीची पानं समोरासमोर, जाडसर, वरून चकचकीत असतात. देठाशी लगेच पांढरा चीक येतो. काटे जोडीनं, सरळ आणि चांगलेच टणक. कधीकधी टोकाशी दुभंगलेले. पिकलेलं फळ काळंभोर दिसतं. फोडून 'कोंबडा की कोंबडी' हा खेळ तिथंच खेळायचा: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघाली तर कोंबडी.

नुसत्या चिकावर मात्र जाऊ नका. कुंपणाला हौसेनं लावलेल्या पिवळ्या कण्हेरीलाही पांढराच चीक असतो आणि ती सगळीच्या सगळी विषारी. तिला काटे नसतात, पानं अरुंद-लांब. मोगली एरंडही बांधावर हमखास सापडतो. त्याचं फळ पिवळं होऊन मग काळपट वाळतं; बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. मुलांना हे झाड बोट दाखवून, नावानिशी ओळखवून द्या.

बोरीचा गोंधळ फळं नसतानाच होतो. तिचं पान उलटं करा: खाली पांढुरकी लव, देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. काट्यांच्या जोडीत बहुधा एक सरळ, एक आकडीसारखा वाकडा. बाही अडकली, तर ओढू नका; हात मागे घ्या, मग सोडवा.