काउन्सेलिंगला नक्की किती खर्च येतो, जायच्या आधी कसं काढायचं

बऱ्याच जणांचं असं होतं की काउन्सेलरकडे जायचं ठरतं, फोनही करतात, आणि एका सेशनचे दीड हजार ऐकलं की विषय तिथेच संपतो. नाहीतर दोन सेशन होतात आणि परवडत नाही म्हणून मध्येच सोडतात. याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण पहिली एकदोन सेशन बहुतेक तुमची माहिती समजून घेण्यातच जातात, खरं काम पुढे सुरू होतं.

म्हणून एका सेशनची फी बघू नका, तीन महिन्यांचा हिशोब मांडा. आठवड्याला एक सेशन, दीड हजाराने, म्हणजे 12 सेशनचे 18000. हा आकडा झेपतोय का ते आधी बघा, नसेल तर कमी फीवाला शोधा पण सुरू करा.

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, गोळ्या तेच देतात, थेरपिस्टची, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्याची, फी वेगळी. दोन्ही लागलं तर औषधांसकट दोन्ही खर्च धरायचे. थेरपिस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचं खास शिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ) असतील तर आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त विचारा. फी जास्त म्हणजे माणूस जास्त शिकलेला असं अजिबात नाही.

फोनवरच विचारून घ्या, सेशन 45 मिनिटांचं की तासाचं, ऐनवेळी कॅन्सल केलं तर पैसे लागतात का (बऱ्याच ठिकाणी 24 तास आधी सांगावं लागतं), नवराबायको दोघं आले तर फी वेगळी का, बऱ्याच सेशनचं पॅकेज एकदम घेऊन मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का. आणि फीमध्ये काही सवलत होते का हेही विचारा, काही जण उत्पन्न बघून फी कमी करतात पण विचारल्याशिवाय कोण सांगणार? यात लाजण्यासारखं काही नाही हो.

इन्शुरन्सचं बोलायचं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यायचं असं आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडी कव्हर आहे का ते तपासा. नोकरी असेल तर एचआरला विचारा, काही कंपन्या थोडी सेशन फुकट देतात, फक्त तुमची माहिती ऑफिसात कोणाला कळते ते आधी स्पष्ट करून घ्या.

अगदीच परवडत नसेल तर सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला तर सरकारी मनोरुग्णालयंच आहेत, नाव ऐकून घाबरू नका, तिथे ओपीडीत दाखवून घरी येणारेही भरपूर असतात. गर्दी असते, वेळ काढून जा. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर 24 तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हिशोब वगैरे राहू दे, आत्ता तिथे फोन करा.

थेरपी चालू असताना पैशाची ओढाताण झाली तर न सांगता जाणं बंद करू नका, थेरपिस्टला सरळ सांगा, पंधरा दिवसांनी एक सेशन चालेल का ते दोघं मिळून ठरवता येतं.