मरळ, फ्रॉग आणि कयाक: आधी काठी खाली ठेवा

अमेरिकेतले लोक कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत बसून बास नावाचा तिकडचा शिकारी मासा पकडतात, त्याचे व्हिडिओ मी लॉकडाऊनमध्ये इतके बघितले की बायको म्हणाली, आता तुम्हालाच खवले फुटायचे बाकी आहेत. त्याच नादात एक जुनी प्लॅस्टिकची कयाक घेतली, अल्टोच्या टपावर बांधली आणि पहिले सहा महिने दर रविवारी रिकाम्या हाताने धायरीला परतलो. आपल्या धरणांत बास नाहीच. त्याची जागा इकडे मरळीने धरलेली आहे. पाणगवताच्या सावलीत दबा धरायचा आणि बेडूक दिसला की झडप घालायची, हा दोघांचाही धंदा. म्हणून बासचं बरंचसं सामान मरळीला चालतं. पण मी सामान तेवढं मागवलं होतं, मरळीच्या सवयी शिकलो नव्हतो.

(मग बासच आणून सोडू या की, असं सुचवणारा एक तरी हुशार भेटतोच. जपानने १९२५ साली अमेरिकेतून बास आणून एका सरोवरात सोडला. तो देशभर पसरला, आणि आता तिथलं सरकार त्याला उपद्रवी परकी मासा मानतं. आपल्याकडे अशीच बाहेरून आलेली चिलापी आहे तेवढी पुरे.)

आधी परवानगीचं बोलू. धरणं जलसंपदा खात्याची, त्यातले मासे धरायचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे. तिथे पोट भरणारी माणसं आहेत; आपण हौशी. संस्थेच्या माणसाला भेटा, काय पैसे असतील ते द्या आणि होडी घालायला चालेल का तेही विचारून घ्या. खडकवासल्याचा विचारही करू नका. ते पुणे शहराचं पिण्याचं पाणी, शिवाय एका काठाला एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी. मी उजनीच्या फुगवट्याला भिगवणच्या बाजूने जातो, नाहीतर पुरंदरमधल्या एका पाझर तलावावर. त्याचं नाव सांगणार नाही, रागावू नका.

आता मुख्य गोष्ट. भिगवणला एक म्हातारे मच्छीमार आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी तासाभरात शंभर वेळा ल्युअर (नकली आमिष) फेकत होतो ते त्यांनी जाळी ओढता ओढता बघितलं आणि ओरडले, "ओ पुणेकर, मासं धरायला आलायसा का पाखरं उडवायला? ठिवा की ती काठी खाली. बघा जरा पाण्याकडं." मला राग आला. पण काठी ठेवली आणि दहा मिनिटं बसलो.

बाजारात मरळ टबात जिवंत ठेवून विकतात, ते तुम्ही पाहिलं असेल. इतर मासे बर्फावर आणि ही मात्र वळवळते आहे, कारण ती हवेतून श्वास घेते. गिलच्या वर डोक्यात तिला त्यासाठी वेगळा कप्पा असतो. आणि हवा घ्यायची तर वर यावंच लागतं. पाणी तापलं, त्यातला प्राणवायू कमी झाला, की जास्त वेळा यावं लागतं. म्हणजे हा मासा स्वतःच आपला पत्ता सांगतो! सकाळच्या शांत पाण्यावर एक बारीक 'ग्लप' ऐकू येतो, गोल तरंग उठतो, त्यामागे कधी दोन-चार बुडबुडे. काठावरून ते दिसायला नशीब लागतं, कारण मधे बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी. कयाकमधून तुम्ही पाण्याच्या पातळीला बसलेले असता. कयाकचा खरा उपयोग हा आहे. लांब जाणं वगैरे नंतर.

तर पोचल्यावर जलपर्णीच्या किंवा पाणकणसाच्या पट्ट्यापासून पंधरा-वीस मीटरवर थांबा. पॅडल आडवं मांडीवर. पॅडल कडेवर आपटलं की ढोलासारखा आवाज पाण्यात जातो, म्हणून मी दोन्ही कडांना सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली आहे. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ट्यूबला तोटा नाही. रॉड, पक्कड, डबा सगळं ट्यूबच्या पट्ट्यांनीच बांधतो. वारा असेल तर होडी वाहत जाऊन पट्ट्यात घुसते. त्यावर उपाय म्हणजे खताची रिकामी गोणी: तळाला मुठीएवढं भोक पाडायचं, तोंड उघडं राहील अशी दोरीने मागच्या टोकाला बांधून पाण्यात सोडायची. वेग निम्म्यावर येतो. नांगर टाकायचा तर तोही पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. बाजूला बांधलात आणि वाऱ्याचा झोत आला, तर होडी कलंडते.

तरंग दिसला की लगेच त्यावर ल्युअर आपटू नका. मरळ हवा घेऊन खाली गेलेली असते, आणि डोक्यावर काही पडलं तर पळते. तरंगाच्या दोन-तीन मीटर पलीकडे फेका, दहापर्यंत मोजा, मग त्या जागेवरून आणा. ल्युअर म्हणजे पोकळ रबरी फ्रॉग, पाच-सहा सेंटिमीटरचा. त्याचे दोन हुक पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीच्या पानांवरून न अडकता सरकतो. मासा चावला की रबर दबतं आणि हुक उघडे पडतात. नवा फ्रॉग मी तसाच कधी वापरत नाही. पायांच्या झालरी लांब असतात, मासा तेवढ्याच धरून सोडून देतो; त्या निम्म्या कापायच्या. हुकांची टोकं पकडीने केसभर वर उचलायची. लांब जात नसेल तर पोटात दोन-तीन शिशाचे छर्रे ढकलायचे. आणि दर पाच-सहा फेकींनी बोटाने दाबून आतलं पाणी काढायचं, नाहीतर तो बेडकासारखा न तरंगता दगडासारखा बसतो. रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. खालून बघणाऱ्या माशाला आभाळासमोर फक्त आकार दिसतो असं माझं मत आहे, म्हणून मी काळा वापरतो.

रॉड सात फुटी, मध्यम-जड. लाईन ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या दोऱ्याची, ४० ते ५० पाउंडांचा ताण सोसणारी, थेट फ्रॉगला बांधलेली. इतकी जाड कशाला, असं वाटेल. ताकद मासा ओढायला नाही लागत, माशासोबत येणारी पाच किलो जलपर्णी ओढायला लागते. रीलचा ड्रॅग, म्हणजे लाईन सुटू न देणारा ब्रेक, घट्ट. मोकळ्या पाण्याच्या कडेला मी कधी स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं ल्युअर) फिरवतो. फ्रॉगवर येऊन चुकलेल्या मरळीला लगेच त्याच जागी हुक लपवलेला रबरी किडा टाकला तर पुष्कळदा घेते. बाकी सामानात वेळ घालवू नका.

फ्रॉग आणायचा थांबत थांबत. दोन झटके, थांबा. पानांच्या मधे मोकळी जागा, टोपलीएवढी का असेना, आली की तिथे पाच सेकंद सोडून द्या. दहातल्या आठ झडपा थांबलेल्या फ्रॉगवर येतात, निदान माझ्या. आणि झडप म्हणजे काय, पाण्यात कुणी वीट टाकल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजालाच हात आपोआप वर जातो आणि फ्रॉग तोंडातून सुटून तुमच्या कपाळाकडे येतो. आवाजावर ओढू नका. मनात "एक, दोन" म्हणा, रॉडचं टोक माशाकडे झुकवून ढील गुंडाळा, वजन लागलं की मगच जोरात वर. काठावर माणूस एक पाऊल मागे टाकून ताकद लावतो. कयाकमध्ये मागे जाता येत नाही, उलट होडीच माशाकडे सरकते. म्हणून पायांच्या खोबणीत टाचा रोवून बसायचं आणि पाठीने ओढायचं.

मग ती होडीला पट्ट्यात ओढून नेते. नेऊ दे. रॉड पुढच्या टोकाच्या बाजूला ठेवा, म्हणजे होडी सरळ ओढली जाते. आडवी ओढली गेली तर डुगडुगते. मासा जवळ आला की बघायला वाकायचा मोह होतो. डोकं होडीच्या कडेबाहेर गेलं की मागून अंगही जातं. जाळी एका हातात, बूड जागेवर, मासा जाळीकडे आणायचा.

इथे बासचे व्हिडिओ तुम्हाला गोत्यात आणतील. ते लोक बासच्या तोंडात अंगठा घालून त्याला उचलतात, कारण बासचे दात खरखरीत कागदासारखे. मरळीच्या जबड्यात अंगठा घातलात तर टाके घालायला जावं लागेल. माझ्या अंगठ्यावर खूण आहे. पकड वापरा, ओल्या फडक्यात धरा. आणि जाळीतून निघाली की ती सापासारखी मुसंडी मारते, म्हणून हुक काढेपर्यंत तिला जाळीतच ठेवा. मोकळ्या मरळीने फ्रॉगसकट उडी मारली की दुसरा हुक कुठे जाईल ते सांगता येत नाही. हवेची कयाक असेल तर तेही एक दुखणं. पंक्चर काढण्यात माझं आयुष्य गेलं, तरी पाण्याच्या मधोमध काढायची मला हौस नाही.

पावसाळ्यात कधी पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा वरखाली होताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात आणि रागाने काहीही चावतात. तिथे फ्रॉग टाकला तर मासा हमखास मिळतो. टाकू नका. पालक गेले की चिलाप्या तो गोळा तासाभरात साफ करतात. तात्यांसारखा जाळ्यावर जगणारा माणूस तिथून होडी वळवून नेतो. आपल्याला तर घरी पोळी-भाजी आहे.

लाईफ जॅकेट अंगात हवं, सीटमागे खोचलेलं नव्हे. मी एकदा मागचा डबा घ्यायला वळलो आणि सरळ पाण्यात. रॉड गेला, मोबाइल गेला, एक चप्पल अजून उजनीत आहे. पोहता येत होतं, पण पाण्यातून होडीवर परत चढता येत नव्हतं, आणि हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही काठाजवळ, कुणाला तरी सोबत घेऊन, मुद्दाम उलटून बघा: होडी सरळ करायची, मध्यावर धरायची, पाय पाण्याच्या वरच्या थरात आणून जोरात मारायचे, पोटावर आडवं चढायचं, मग उताणं होऊन बसायचं. पाचदा जमल्याशिवाय रॉड नेऊ नका.

फेब्रुवारी ते मे हे आमचे दिवस. पाणी उतरतं, मासा उरलेल्या गवताला गोळा होतो, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. पण उतरलेल्या पाण्याच्या काठाचा गाळ फसवा असतो. वरून भेगा पडलेला कोरडा दिसतो आणि मांडीपर्यंत माणूस आत जातो. कयाक जिथे गुरं पाण्यावर उतरतात तिथूनच घाला. दहा-साडेदहाला वारा सुटतो, त्याआधी परत फिरा, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध गेला असाल तर येताना तो ढकलत आणतो. मे महिन्यात दुपारनंतर वळिवाचे ढग दिसले तर मासा लागलेला असला तरी लाईन कापा. कार्बनचा सात फुटी रॉड उभा धरून सपाट पाण्याच्या मधोमध बसायचं आणि वर वीज, नको.

घरी आल्यावर कयाकच्या तळाला चिकटलेले जलपर्णीचे तुकडे खरवडून काढा आणि ती उन्हात वाळवा, नाहीतर उजनीची जलपर्णी तुम्हीच पुरंदरला पेराल. फ्रॉग डब्यात कोंबू नका. पोट दाबून पाणी काढायचं आणि हुक वर करून टांगायचे. माझे दुकानात, चाकांच्या शेजारी, स्पोकला लटकलेले असतात. एका गिऱ्हाइकाने मागच्या आठवड्यात विचारलं, हे सायकलला कुठे लावतात?