४१३००१ चे अवयव पाडताना या चुका टाळा

सोलापूरकराला ४१३००१ हा आकडा पाठ असतो. फॉर्मवर, पाकिटावर, पुण्याला धाडायच्या शेंगाचटणीच्या पार्सलवर तो लिहून हात बसलेला असतो. माझ्या शिकवणीत स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात मी या पिनकोडचे मूळ अवयव पाडायला देते, आणि बहुतेक जण एकाच जागी अडकतात.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो, उरतात ४५८८९. इथपर्यंत झटपट. मग ७, ११, १३, १७ लावून होतात, दर वेळी बाकी उरते, आणि चाळिशीच्या आसपास पेन खाली ठेवलं जातं. "मॅडम, ही मूळ संख्या आहे." नाही. कुठे थांबायचं ते वर्गमूळ ठरवतं, कंटाळा नव्हे. २१४ चा वर्ग ४५७९६ आणि २१५ चा ४६२२५. म्हणून २१४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय मूळ म्हणायचं नाही. ९७ ने जात नाही, १०१, १०३, १०७ नेही नाही, आणि १०९ ने जातो! भागाकार ४२१. त्याला मात्र १९ पर्यंत तपासलं की पुरे, कारण २१ चाच वर्ग ४४१ होतो.

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

विभाजक मोजताना २ × २ × २ = ८ असं उत्तर हमखास येतं. ३ दोनदा आला आहे, तेव्हा त्याचे पर्याय तीन: एकदाही न घेणे, एकदा घेणे, दोनदा घेणे. म्हणून ३ × २ × २ = १२.

पूर्ण वर्गाची चूक मला सगळ्यात फसवी वाटते. शेवटचा अंक १, चालतो. अंकांची बेरीज ९, तीही चालते. ८ ने भागून बाकी १, विषम वर्गाला लागते तीच. तिन्ही कसोट्या जुळल्या, म्हणून मुलं वर्ग आहे असं लिहून मोकळी होतात. पण ६४२ चा वर्ग ४१२१६४ आणि ६४३ चा ४१३४४९. आपला पिनकोड मधेच राहिला. या कसोट्या संख्येला नापास करू शकतात, पास करू शकत नाहीत.

देवळालीचे द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हटलं. ४१३००१ हर्षद आहेच. मात्र "९ ने भाग जातो म्हणून" हे कारण लिहू नका. ९९ लाही ९ ने भाग जातो, पण त्याच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने जात नाही. उलट सोलापूरचाच ४१३००४ घ्या: ९ ने जात नाही, तरी बेरीज १२ आणि १२ × ३४४१७ बरोबर तोच, म्हणजे हर्षद.

दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ही संख्या मांडता येते. ३ दिसला की "जमणार नाही" म्हणून सोडून देतात. पण तो दोनदा आहे, म्हणून आडवा येत नाही. ३२४ चा वर्ग अधिक ५५५ चा वर्ग. एवढं सापडलं की वही मिटू नका, कारण २८५ आणि ५७६ ही दुसरी जोडी अजून शिल्लक असते.