प्रोबॅबिलिटी नेमकी कुठे अडते? या चुका टाळा

खान्देशातल्या बी.एस्सी.च्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवताना दर वर्षी एकच चित्र दिसतं. बारावीत पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची गणितं भराभर सोडवणारी पोरं प्रोबॅबिलिटीच्या पेपरात अडखळतात. सूत्रं पाठ असतात. पण काय माहीत आहे आणि काय विचारलंय, हे वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, सूत्राला हात लावण्याआधी गणित आपल्या भाषेत दोन ओळींत लिहून काढा. अहिराणीत सुचलं तर अहिराणीत, लेवा बोलीत सुचलं तर तसं. प्रश्न इंग्रजीत येतो आणि 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'गिव्हन' या तीन शब्दांपायी हकनाक मार्क जातात. 'ॲट लीस्ट वन' दिसलं की एकही नसण्याची शक्यता काढून १ मधून वजा करा. 'गिव्हन'च्या पुढे जे लिहिलंय ते घडून गेलंय असं धरा.

सगळे पर्याय सारख्याच वजनाचे धरणं

पाऊस येईल किंवा येणार नाही, म्हणून शक्यता निम्मी, असं कोणी म्हटलं तर आपल्याला ते चटकन खटकतं. पण हीच चूक दालांबेर यांच्यासारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाकडूनही झाली आहे. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता त्यांनी १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात २/३ अशी मांडली. पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला, म्हणून पर्याय तीनच, आणि त्यांतले दोन अनुकूल, असा त्यांचा हिशेब होता. मात्र पहिल्या पर्यायाचं वजन १/२ आहे आणि उरलेल्या दोघांचं प्रत्येकी १/४. उत्तर ३/४ येतं. सॅम्पल स्पेस, म्हणजे सगळ्या शक्य पर्यायांची यादी, लिहिताना प्रत्येक पर्यायासमोर त्याचं वजन लिहा आणि बेरीज १ येते का ते बघा.

म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह म्हणजे इंडिपेंडंट नव्हे

भुसावळहून पूर्वेकडे रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक अकोल्याकडे आणि दुसरा खंडव्याकडे. गाडी खंडव्याच्या फाट्याला लागली हे कळलं, की त्याच क्षणी ती अकोल्याच्या फाट्यावर असण्याची शक्यता शून्य होते. एका बातमीने दुसरीची शक्यता पार बदलली. मग या घटना एकमेकींपासून स्वतंत्र कशा असतील? दोन्हींची शक्यता शून्यापेक्षा जास्त असेल, तर एकत्र न घडणाऱ्या घटना कधीच इंडिपेंडंट नसतात. एवढं एक उदाहरण डोक्यात बसलं तरी पुरे.

कंडिशन उलटी वाचणं

इथे मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देतो. रावेर-यावलकडच्या मुलांना केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे काकडी मोझॅक विषाणू, घरूनच माहीत असतो. समजा, एका बागेत १००० झाडं आहेत आणि त्यांतली २० रोगट आहेत. एक चाचणी रोगट झाडांपैकी ९० टक्के पकडते, पण निरोगी झाडांपैकी ५ टक्के झाडांनाही चुकून रोगट ठरवते. (हे आकडे गणितापुरते आहेत.) चाचणीने एखादं झाड रोगट ठरवलं, तर ते खरोखर रोगट असण्याची शक्यता किती? वर्गातून ९० टक्के असं उत्तर येतं. आता झाडं मोजा. रोगटांतली १८ पकडली गेली. निरोगी ९८० पैकी ४९ चुकून आली. एकूण ६७, त्यांत खरी रोगट १८. म्हणजे शक्यता सुमारे २७ टक्के.

रोगट झाड पकडलं जाण्याची शक्यता आणि पकडलेलं झाड रोगट असण्याची शक्यता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेझचं सूत्र हाच फरक सांगतं, आणि टक्क्यांऐवजी झाडं मोजली की ते घोकावं लागत नाही.

दिसलं तिथे बायनॉमियल लावणं

याच बागेतली शेजारशेजारची १० झाडं घेतली, तर त्यांतली २ रोगट असण्याची शक्यता बायनॉमियलने, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत अमुक वेळा यश येण्याची शक्यता देणाऱ्या सूत्राने, काढावी का? थांबा. हा विषाणू मावा किडीमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे एक झाड रोगट निघालं की शेजारच्याची शक्यताही वाढते. इंडिपेंडन्स तुटला की बायनॉमियलचा पायाच निखळतो. ठरावीक प्रयत्न, प्रत्येक वेळी यश किंवा अपयश, यशाची शक्यता तीच आणि प्रयत्न स्वतंत्र, या चारही अटी तपासल्याशिवाय ते सूत्र लिहू नका.

व्हेरियन्स आणि डेन्सिटी

व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. एका घडाच्या वजनाचा व्हेरियन्स ९ असेल, तर त्याच वजनाची दुप्पट केल्यावर तो ३६ होतो. दोन स्वतंत्र घडांच्या वजनांच्या बेरजेचा मात्र १८ होतो. दोन्हींना 'टू एक्स' लिहिलं की घोटाळा ठरलेला. स्वतंत्र चलांच्या वजाबाकीतही व्हेरियन्सची बेरीजच होते.

शक्यता कुठे किती दाट आहे हे डेन्सिटी सांगते. डेन्सिटी म्हणजे शक्यता नव्हे, ती १ पेक्षा मोठी असू शकते. ० ते १/२ मधल्या युनिफॉर्मची, म्हणजे सगळीकडे सारख्याच पसरलेल्या चलाची, डेन्सिटी २ असते. जॉइंट, म्हणजे दोन चलांच्या एकत्र डेन्सिटीच्या गणितात आधी आकृती काढा. ० पासून १ पर्यंत, एक्स वायपेक्षा लहान, डेन्सिटी सगळीकडे २, हे वाचून मुलं 'इंडिपेंडंट' लिहून मोकळी होतात. आकृती काढली की प्रदेश त्रिकोणी दिसतो. तिथे वाय लहान असेल तर एक्सलाही लहानच राहावं लागतं, मग ते स्वतंत्र कुठले?

उत्तर पटत नसेल तर

सोडवलेलं गणित वाचून समजलं असं वाटतं, पण पुस्तक मिटून तेच पुन्हा लिहायला घेतलं की पेन थांबतं. जिथे थांबलं ती ओळ अधोरेखित करा आणि तीच घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जा. शक्यतेचं उत्तर ऋण किंवा १ पेक्षा मोठं आलं, तर मागे फिरा. गणितातल्या मोठ्या संख्येऐवजी लहान संख्या धरून बघा, लहान आकड्यांत चूक लगेच उघडी पडते. तरीही शंका उरली, तर मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये रँड फंक्शनने (ते ० ते १ मधला कुठलाही आकडा देतं) झाडांचा तोच प्रयोग हजार ओळींत करा. तिथे ०.२७ च्या आसपास आलं आणि वहीत ०.९ असेल, तर कंडिशन कुठे उलटली ते पहिल्या दोन ओळींत शोधा.