ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करायचीय? मग गिअरबॉक्सच्या आधी बाकीचं सगळं बघा

ऑटोमॅटिकची मॅन्युअल करायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष गिअरबॉक्सवर जातं, एक काढला, दुसरा बसवला, झालं काम. खरं सांगायचं तर गिअरबॉक्स हा यातला सरळ भाग आहे, वजनदार असतो म्हणून भीती वाटते इतकंच. काम अडकतं ते आजूबाजूच्या गोष्टींवर, म्हणजे पेडल, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसेटचा) रेशो आणि कुठलं तरी एखादं ब्रॅकेट जे आयत्या वेळी मिळतच नाही आणि गाडी आठवडेच्या आठवडे स्टँडवर उभी राहते. त्यामुळे यात क्रम फार महत्त्वाचा. आधी चौकशी, मग सामान जमवणं, आणि सगळं सामान समोर मांडून झाल्याशिवाय चालू गाडीचा एकही बोल्ट ढिला करायचा नाही.

पहिला प्रश्न असा की तुमचंच मॉडेल, त्याच इंजिनासकट, कंपनीने कधी मॅन्युअलमध्ये विकलंय का? विकलं असेल तर हे काम जमण्यासारखं आहे, कारण प्रत्येक पार्ट कुठे ना कुठे तयार आहे आणि बॉडीला त्याची भोकं, माउंटिंग बहुतेक वेळा दिलेली असतात. विकलंच नसेल तर बेल हाउसिंगसाठी (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचासाठी) अॅडॉप्टर प्लेट, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी), पेडल सगळं बनवून घ्यावं लागतं, ते लेथवाल्याचं आणि वेल्डरचं काम आहे, पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हायब्रीड गाडीचा तर विचारच सोडा, तिथे बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्येच मोटर असतात. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असेल तर गोष्ट वेगळी आहे, ती आतून मॅन्युअलच असते, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला अॅक्च्युएटर लावलेले असतात, त्यामुळे तिथे गिअरबॉक्सपेक्षा पेडल, शिफ्टर आणि इलेक्ट्रॉनिक्स हेच मुख्य काम ठरतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, तुमची गाडी विकून तीच गाडी मॅन्युअलमध्ये घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. गाडीत जीव अडकलाय, किंवा बॉडी चांगली आहे आणि ऑटोमॅटिक बॉक्स तसाही गेलेला आहे, अशा वेळीच हे करण्यात अर्थ आहे.

सामानाचं म्हणाल तर सुटे पार्ट गोळा करत बसण्यापेक्षा ठोकलेली किंवा भंगारात निघालेली अख्खी मॅन्युअल गाडी मिळत असेल तर तीच घ्या. तिच्यातून गिअरबॉक्स, बेल हाउसिंग, फ्लायव्हील (इंजिनाच्या मागे फिरणारी जड चकती) आणि त्याचे बोल्ट, क्लच फोर्क, पेडलचा पूर्ण सेट, क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, मधली पाइपलाइन, शिफ्टर आणि त्याच्या केबल किंवा रॉड, गिअरबॉक्सचं माउंटिंग, क्रॉसमेंबर, ड्राइव्ह शाफ्ट, वायरिंग हार्नेस, ईसीयू, कन्सोल, अगदी शिफ्टरखालचं रबरी बूटसुद्धा निघतं. स्टार्टर पण काढून ठेवा, काही गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलचे स्टार्टर वेगळे असतात. शक्य असेल तर ती गाडी स्वतः उघडा, मोबाइलवर प्रत्येक कनेक्टरचे फोटो काढा, कारण कुठला बोल्ट कुठल्या लांबीचा आणि कुठली वायर कुठून जाते हे तुम्हाला तिथेच कळतं, नंतर तुमच्या गाडीवर तेच उलट क्रमाने करायचं असतं. नवीन घ्यायचं ते एवढंच, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग असेल तर ते, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सची सीलं. इथे पैसे वाचवू नका, सील गळालं तर पुन्हा अख्खा बॉक्स उतरवायचा.

आता रेशो, म्हणजे गिअरमध्ये आत किती फेऱ्या झाल्या की बाहेर एक फेरी होते तो आकडा, ज्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) असतो आणि गाडी हलताना तो इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याची ताकद) साधारण दुप्पट करून देतो, म्हणून ऑटोमॅटिकचा पहिला गिअर कमी रेशोचा असला तरी चालतं. फोर्डच्या ऐंशीच्या दशकातल्या मस्टँगचं बघा, पाच लिटरच्या व्ही८ ला एओडी नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक यायचा त्याचा पहिला गिअर २.४०, आणि त्याच इंजिनाला टी-५ मॅन्युअल यायचा त्याचा पहिला ३.३५, टॉप मात्र दोन्हीकडे जवळपास सारखा, ०.६७ आणि ०.६८. म्हणजे गिअरबॉक्स बदलला की खालच्या गिअरचं सगळं गणित बदलतं, आणि कित्येक मॉडेलमध्ये कंपनी त्यानुसार डिफरन्शियलचा रेशो पण वेगळा देते. तुम्ही जुना डिफरन्शियल तसाच ठेवला तर काय होईल ते आधी मोजून बघा. समजा टायरचा घेर १.९५ मीटर आहे, ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८५५ वेळा फिरतं. टॉप गिअर ०.८ आणि फायनल ड्राइव्ह (म्हणजे डिफरन्शियलचा रेशो) ३.२ असेल तर इंजिन २,२०० आरपीएमच्या आसपास फिरेल, तोच फायनल ड्राइव्ह ४.१ असेल तर २,८०० च्या वर. लांबच्या प्रवासात हा फरक कानाला पण जाणवतो आणि पेट्रोलला पण. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतो म्हणून तो आपोआप बदलला जातो, पण चारही चाकांना ड्राइव्ह असेल तर नीट लक्ष द्या, पुढचा आणि मागचा फायनल ड्राइव्ह तंतोतंत जुळलाच पाहिजे, नाहीतर कोरड्या रस्त्यावर पुढची आणि मागची बाजू एकमेकांशी भांडत राहते आणि सेंटर डिफरन्शियल किंवा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) जातं. सुबारूवाल्यांनी (त्यांच्या बहुतेक गाड्या चारही चाकांवर चालतात) तर मॅन्युअल बॉक्स घेताना त्याच गाडीचा मागचा डिफरन्शियलही सोबतच घ्यावा.

सुरुवात पेडलपासून करा, गिअरबॉक्सपासून नाही. गाडी चालती असतानाच हे करता येतं आणि कंटाळवाणं काम आधी उरकतं. ड्रायव्हर सीट काढा, स्टिअरिंग कॉलम खाली सोडा, ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढून तिथे मॅन्युअलचा सेट बसवा. ब्रेक पेडलची पिन, क्लिप आणि ब्रेक लाइटचा स्विच परत जागेवर नीट बसलाय हे दोनदा तपासा, इथे चूक परवडत नाही. क्लच मास्टर सिलिंडरसाठी फायरवॉलवर बऱ्याच गाड्यांमध्ये जागा आधीच खुणावलेली असते किंवा झाकणपट्टी लावलेली असते, ती काढायची नाहीतर ड्रिलने भोक पाडायचं, आणि पाडलेल्या कडेला रंग लावायचा म्हणजे गंज धरणार नाही. काही मॉडेलमध्ये मॅन्युअलच्या फायरवॉलला आतून जाड पट्टी असते जी ऑटोमॅटिकमध्ये दिलेलीच नसते, तशी असेल तर ती लावा, नाहीतर पेडल दाबलं की पत्रा वाकतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि तुम्ही दोष मात्र सिलिंडरमध्ये शोधत बसता.

मग ऑटोमॅटिक उतरवायचा. बॅटरी सोडा, गाडी चारही स्टँडवर सपाट उभी करा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. ऑइल काढा, शाफ्ट काढा, कूलरच्या पाइप सोडा, किकडाउन केबल (अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकायला लावणारी) असेल तर तीही. कन्व्हर्टरचे बोल्ट बेल हाउसिंगच्या खालच्या खिडकीतून दिसतात, क्रँक फिरवत एकेक समोर आणून काढायचे, आणि बॉक्स खाली येताना कन्व्हर्टर त्याच्यासोबतच आला पाहिजे. तो तेलाने भरलेला असतो, घसरून पायावर पडला तर हाड मोडेल, म्हणून पट्टी बांधून ठेवा. बॉक्सचं वजन ७० ते १०० किलो सहज असतं, गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने मिळत असेल तर घ्या. रेडिएटरमध्ये ऑटोमॅटिकच्या ऑइलचा कूलर असेल तर त्याच्या दोन तोंडांना टोप्या लावून टाका, तसाच राहिला तरी काही बिघडत नाही.

इथून पुढचा भाग घाई न करता करायचा. इंजिनाच्या मागे आता फ्लेक्सप्लेट दिसेल, पातळ पत्र्याची असते, ती काढून तिथे फ्लायव्हील येणार. फ्लायव्हील जाड असतं म्हणून त्याचे बोल्ट लांब असतात, फ्लेक्सप्लेटचे बोल्ट परत वापरले तर आट्यांमध्ये पुरेसे शिरत नाहीत आणि चालू इंजिनातून फ्लायव्हील सुटणं म्हणजे काय हे अनुभवायची वेळ कुणावर येऊ नये. बोल्ट फ्लायव्हीलचेच, शक्यतो नवीन, आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे, कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या आकड्यालाच. काही इंजिनांमध्ये बोल्टची भोकं आरपार असतात, तिथे आट्यांना सीलंट लावायचं नाहीतर ऑइल झिरपतं. बॅलन्स पण बघायचा. काही इंजिनांचा बॅलन्स फ्लायव्हीलवरच्या वजनावर अवलंबून असतो, फोर्डच्या ३०२ व्ही८ (वरचंच पाच लिटरचं इंजिन) मध्येच जुन्याला २८ औंस-इंच आणि नंतरच्याला ५० औंस-इंच असमतोलाचं फ्लायव्हील लागतं, दोन्ही बोल्टला बसतात पण चुकीचं लावलं तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंग खातं.

फ्लायव्हील लावायच्या आधी क्रँकचं मागचं सील बदला आणि क्रँकच्या मधलं भोक बघा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक तिथल्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं, ऑटोमॅटिकमध्ये ते बेअरिंग नसतं, काही वेळा तिथे रिंग असते ती काढावी लागते, आणि थोड्या इंजिनांमध्ये ऑटोमॅटिकच्या क्रँकला ते भोक पूर्ण खोलीचं पाडलेलंच नसतं. हे व्हर्नियरने मोजा, शाफ्टची लांबी पण मोजा. इंजिन आणि बेल हाउसिंगमधले डॉवेल पिन जागेवर आहेत ना तेही बघा, गिअरबॉक्स क्रँकच्या सरळ रेषेत तेच धरतात, बोल्ट नाही.

क्लच बसवताना फ्लायव्हीलचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसा, नवीन पार्टवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो राहिला तर क्लच पहिल्या दिवसापासून घसरणार. क्लच प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुतेक वेळा प्लेटवर लिहिलेलं असतं. अलाइनमेंट टूल घालून प्लेट मध्यावर धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीसचं बोट फिरवलं तरी पुरे, जास्त लावलं तर ते उडून क्लचवर जातं. गिअरबॉक्स वर नेताना तो इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही, क्लच प्लेटचा हब वाकतो. आणि शेवटचे एकदोन सेंटिमीटर राहिले की बोल्टने खेचून घ्यायचा मोह होतोच, तो टाळा. बॉक्स हाताने सरकून टेकला पाहिजे, टेकत नसेल तर काहीतरी अडतंय, क्रँक किंचित फिरवा, कोन बदला, पुन्हा लावा. जबरदस्ती केली की बेल हाउसिंगचे कान तुटतात.

हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर सिलिंडर गाडीत लावायच्या आधी टेबलावरच फ्लुइड भरून हवा काढून घ्या, नंतरचा त्रास बराच वाचतो. पेडल मऊ लागतंय, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतोय म्हणजे हवा राहिलीय किंवा पुशरॉडचं (पेडल आणि सिलिंडरमधल्या दांडीचं) अॅडजस्टमेंट चुकलंय.

आता वायरिंग. ऑटोमॅटिकमध्ये पार्क किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, त्याचा स्विच बॉक्ससोबत निघून गेला. बरेच जण त्या दोन वायर एकत्र जोडून मोकळे होतात, गाडी सुरू होते खरी, पण मग गिअरमध्ये असतानाही सुरू होते आणि समोर कोणी उभं असेल तर अपघात. मला हे अजिबात पटत नाही. क्लच पेडलला स्विच लावा आणि त्या वायर त्याच्यातून न्या, पाच मिनिटांचं जास्तीचं काम आहे. रिव्हर्स लाइटच्या दोन वायर मॅन्युअल बॉक्सवरच्या स्विचला जोडायच्या. क्रूझ कंट्रोल असेल तर क्लच दाबल्यावर ते सुटलं पाहिजे, नाहीतर इंजिन एकदम ओरडतं. चावीचं लॉक पण बघा, बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये पार्कला असल्याशिवाय चावी बाहेर येत नाही, तो इंटरलॉक काढावा किंवा फसवावा लागतो. स्पीड सेन्सरचे पल्स वेगळे असतील तर स्पीडोमीटर खोटं दाखवतो, जीपीएसशी ताडून घ्या.

ईसीयूचं दोन प्रकारचं असतं. जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेगळा असतो, तो काढला तर इंजिन फारशी कुरकुर करत नाही. दोन्ही एकाच डब्यात असतील तर गिअरबॉक्स दिसत नाही म्हणून पी०७०० च्या घरातले कोड येतात, चेक इंजिन लाइट लागतो, काही गाड्या पॉवरच कमी करतात. मग मॅन्युअलचा ईसीयू लावा किंवा त्याच ईसीयूचं कोडिंग करून घ्या. ईसीयू बदलायचा तर इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) आणि चावी त्याच गाडीची लागते, म्हणूनच अख्खी डोनर गाडी (सामान काढायला घेतलेली) घ्या म्हणतो. कॅन-बसवाल्या (जिथे सगळे कंट्रोलर एकाच जोडणीवर बोलतात अशा) नवीन गाडीत हे काम करणारा माणूस आधी शोधा, त्याच्याशी बोला, आणि मगच डोनर गाडीचे पैसे द्या.

ऑइल भरताना पुस्तकात लिहिलंय तेच भरा. सगळ्या मॅन्युअलमध्ये घट्ट गिअर ऑइल जात नाही, वर सांगितलेल्या टी-५ मध्ये एटीएफच (ऑटोमॅटिकचं पातळ ऑइल) जातं. जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तिथे जीएल-५ टाकू नका, त्यातली सल्फरची अॅडिटिव्ह काही वेळा सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज बसवणाऱ्या रिंगांच्या) पितळेला खातात.

पहिल्यांदा सुरू करताना ड्राइव्हची चाकं हवेत असू द्या, क्लच दाबून एकेक गिअर टाका, खाली वाकून गळती बघा. मग मोकळ्या जागेत हळू चालवा. नवीन क्लचला पहिले ५०० ते ८०० किलोमीटर शहरातलं साधं चालवणं द्या, जोरात लाँच वगैरे नको. १०० किलोमीटरनंतर माउंटिंगचे आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा तपासा, क्लच फ्लुइडची पातळी पण बघा. हँडब्रेक मात्र पहिल्याच दिवशी नीट करून घ्या, ऑटोमॅटिकवाल्यांनी वर्षानुवर्षं फक्त पार्कवर गाडी उभी केलेली असते, हँडब्रेकची केबल सैल पडलेली असते आणि आता पार्क उरलेलंच नाही. चढावर उभी करताना हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकून ठेवा. गाडीच्या कागदांवर ट्रान्समिशनचा प्रकार लिहिलेला असेल तर तो बदलून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा, हे दोन्ही काम सुरू करायच्या आधीच विचारून ठेवलेलं बरं, कारण काही ठिकाणी अशा बदलाला आधी परवानगी लागते.