रेणू पोलर की नॉनपोलर, हे कसं ठरवावं

पोलर रेणूचं एक टोक थोडं ऋण आणि दुसरं थोडं धन असतं; नॉनपोलरमध्ये अशी टोकं नसतात. लुईस रचना (अणूंमधले बंध आणि उरलेले इलेक्ट्रॉन दाखवणारी आकृती) काढता येते, हे मी गृहीत धरते. येत नसेल तर आधी ती पक्की करा. आणि ‘रेणू सममित दिसला की नॉनपोलर’ असं कुणी शिकवलं असेल, तर ते आधी डोक्यातून काढून टाका. पाण्याचा रेणू मधोमध दुमडला तर दोन्ही अर्धे तंतोतंत जुळतात, तरी त्याचा डायपोल मोमेंट, म्हणजे पोलरपणाचं माप, १.८५ डिबाय (हे त्याचं एकक) आहे. ‘सममित म्हणजे नॉनपोलर’ या एका वाक्याने अकरावीच्या मुलांचे जितके गुण घालवलेत, तितके दुसऱ्या कशानेच नसतील.

आधी बंध पाहा. पॉलिंगच्या तक्त्यातून दोन्ही अणूंची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची ताकद) घ्या आणि वजाबाकी करा. फरक ०.४ च्या आत असेल तर बंध नॉनपोलर धरायला हरकत नाही. कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०; म्हणून मिथेन, पॅराफिन मेण, पेट्रोल यांचा निकाल इथेच लागतो.

मग मधल्या अणूभोवतीचे बंध आणि लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) मोजून आकार ठरवा.

आता बाणांची बेरीज. घोडं पेंड खातं ते इथे; माझंही बराच काळ खात होतं. प्रत्येक पोलर बंधावर एक बाण काढा, टोक जास्त विद्युतऋण अणूकडे. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन बाण एका रेषेत, विरुद्ध दिशांना, बेरीज शून्य. इथवर सगळ्यांना जमतं.

खरा घोळ डायक्लोरोमिथेनला होतो. वहीत तो अधिकच्या चिन्हासारखा काढतात. दोन क्लोरीन समोरासमोर लिहिले तर बाण एकमेकांना खोडतात, शेजारी-शेजारी लिहिले तर खोडत नाहीत. एकाच रेणूची दोन उत्तरं! दोष सपाट कागदाचा आहे. रेणू चतुष्फलकी (चार त्रिकोणी बाजू आणि चार कोपरे असलेल्या आकाराचा) आहे आणि चतुष्फलकात समोरासमोरचे कोपरे नसतातच. दोन क्लोरीन कुठेही लिहा, ते शेजारीच असतात. म्हणून हा रेणू पोलरच.

पटत नसेल तर कणकेच्या गोळीत काडेपेटीच्या चार काड्या खोचा. तीन टेबलावर तिवईसारख्या टेकवा, चौथी सरळ वर. चारही टोकांना क्लोरीन आहे असं समजा, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. वरची काडी पूर्ण जोराने वर खेचते. खालच्या तिघींची आडवी ओढ आपसात मिटते आणि प्रत्येकीची खालच्या दिशेची फक्त एक तृतीयांश ओढ उरते. तीन तृतीयांश म्हणजे एक. वर-खाली बरोब्बर फिटलं. आता वरच्या टोकाला क्लोरीनऐवजी हायड्रोजन बसवा. तोल गेला, क्लोरोफॉर्म तयार झालं, डायपोल मोमेंट सुमारे १ डिबाय. हे पाठ करू नका, गोळी हातात घेऊन फिरवून पाहा.

लोन पेअरलाही बाण असतो, तो विसरू नका. फ्लोरीन जबरदस्त खेचतो म्हणून नायट्रोजन ट्रायफ्लोराइड अमोनियापेक्षा जास्त पोलर असणार, असं बेधडक सांगितलं जातं. साफ चूक. अमोनियात बंधांचे बाण आणि लोन पेअरचा बाण एकाच दिशेला, म्हणून १.४७ डिबाय. ट्रायफ्लोराइडमध्ये बंध एकीकडे ओढतात, लोन पेअर दुसरीकडे. हाती उरतात जेमतेम ०.२३.

‘एकाच मूलद्रव्याचा रेणू नॉनपोलरच’ हेही डोळे झाकून मानू नका. ओझोन वाकलेला आहे आणि थोडासा पोलर आहे.

सरावाला १,२-डायक्लोरोइथीन घ्या. सिस रूपात दोन्ही क्लोरीन दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला, ट्रान्समध्ये विरुद्ध बाजूंना. दोन्हींचे बाण मांडा, उत्तर लिहा आणि मगच उत्कलनबिंदू बघा: सिस सुमारे ६० अंश सेल्सिअसला उकळतं, ट्रान्स सुमारे ४८ला. रेणुसूत्र तेच, वजन तेच. सिसचे रेणू मात्र पोलर असल्यामुळे एकमेकांना जास्त घट्ट धरून ठेवतात.